राणीछापच्या आधी नया पैसा

खामगावच्या चांदीच्या बाजारात राणीछाप रुपया घेऊन गेलात, तर सराफ पहिल्यांदा तो काट्यावर टाकतो. ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदी ९१.७ टक्के. त्याला आजच्या भावाने गुणले की हिशेब संपला. सराफाचे यात काही चुकत नाही, त्याचा धंदा चांदीचा आहे. चुकते ते नवख्या संग्राहकाचे. तोही नाणे त्याच नजरेने बघू लागतो आणि ‘जुने, चांदीचे, महागाचे’ एवढ्यालाच नाणेसंग्रह समजतो. मग चार-सहा राणीछाप घेऊन हात आखडतो, आणि डबा कपाटात जातो.

बुलढाणा जिल्ह्यात राहून हा छंद लावून घ्यायचा असेल, तर माझा सल्ला उलटा आहे. १९५० नंतरच्या भारतीय नाण्यांपासून सुरुवात करा. ती आपल्याच गल्ल्यात, देव्हाऱ्यात, भंगारवाल्याच्या पोत्यात आहेत. ती स्वस्त आहेत, त्यांत खोटी कमी आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर नजर तयार होते. ही नजर नसेल तर जुन्या चांदीत पैसे घालू नयेत.

प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी आली. राजाचा मुखवटा जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. पैशावर घोडा होता, अर्धा आणा, आणा आणि चवलीवर बैल. पावली, अधेली आणि रुपयावर गव्हाच्या लोंब्या. रुपया शुद्ध निकेलचा होता, म्हणून तो लोहचुंबकाला चिकटतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्या नाण्यांवर ‘रुपये का सौवाँ भाग’ असे लिहून लोकांना हिशेब समजावून द्यावा लागला, कारण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे हे बाजारात कुणाच्याच पचनी पडत नव्हते. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला.

त्यानंतरची अ‍ॅल्युमिनियमची चिल्लर चाळिशी ओलांडलेल्यांच्या हातातून गेलेली आहे. चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे, नागमोडी काठांचे दहा पैसे. १९६८ ते १९७१ या काळात पितळी रंगाचे कमळाचे वीस पैसे निघाले, ते मात्र आता सहज दिसत नाहीत. १९८८ पासून पंचवीस पैशांवर गेंडा आला. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. पन्नास पैसे मात्र आजही कायदेशीर चलन आहे, दुकानदार काहीही म्हणोत. बाद झालेली चिल्लर पोत्यांनी भंगारात गेली, आणि मेहकर, चिखली, मलकापूरच्या भंगारवाल्यांकडे ती किलोच्या भावाने अजून निघते. तिथे बसून पोते चिवडायला लाज वाटून घेऊ नका. सुरुवातीच्या महिन्यांत याहून चांगली शाळा नाही.

पोते चिवडताना काय बघायचे? साल, आणि सालाखालची खूण.

भारतात नाणी पाडणाऱ्या चार टाकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि १९८८ मध्ये सुरू झालेली नोएडा. कोलकात्याची खूण म्हणजे काहीच नसणे. मुंबईचा सालाखाली चौकट आकार, पत्त्यांतल्या चौकटसारखा. हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी मध्ये चिरलेली किंवा पोटात ठिपका असलेली चौकटही आढळते, आणि ती मुंबईची समजून बाजूला टाकली जाते. सरकारी विक्रीच्या जुन्या संचांत मुंबईसाठी ‘बी’ हे इंग्रजी अक्षर असे, पुढे ‘एम’ आले.

म्हणजे १९८९ चा एक रुपया ही एक गोष्ट नव्हे. प्रत्येक टाकसाळीचा तुकडा वेगळा, आणि एखाद्या टाकसाळीने एखाद्या साली थोडीच नाणी पाडलेली असतात. संग्राहक ज्याला दुर्मीळ म्हणतो ते बहुधा इथे दडलेले असते. साल सामान्य, नाणे सामान्य, फक्त सालाखालची खूण असामान्य. कोणत्या साली कोणत्या टाकसाळीने काय काढले याच्या याद्या मिळतात. न्युमिस्टासारखी ऑनलाइन सूची मोबाइलवर उघडून पोत्यासमोर बसले तरी भागते.

याच मालिकेत परदेशात पाडलेली नाणीही आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सुट्ट्या पैशांची टंचाई एवढी झाली की सरकारने बाहेरच्या टाकसाळींकडून नाणी पाडून घेतली. १९८५ च्या रुपयाच्या सालाखाली ‘एच’ अक्षर दिसले तर तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. चौकट सालाच्या मधोमध नसून पहिल्या आकड्याखाली असेल तर तो वेल्समधल्या लँट्रिसंटचा. दोन्ही रुपये आपल्या जिल्ह्यात किराणा दुकानांतून फिरलेले आहेत. ‘एच’चा रुपया लाखाला जातो असे व्हिडिओ सांगतात. तो तसा जात नाही. गोळा करण्यासारखा आहे, एवढेच.

शाळकरी मुलांना या छंदात ओढायचे असेल तर टाकसाळीच्या खुणा कोरड्या वाटतील. त्यांना विषय द्या. महाराष्ट्राशी नाते असलेली, बाजारात फिरलेली नाणी एका पानावर बसतात: १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया आणि त्याच सालचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चा संत तुकारामांचा रुपया, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. एकही चांदीचे नाही, एकही घर विकून घ्यावे लागत नाही. चलनातल्या स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४ मध्ये नेहरूंच्या पन्नास पैसे आणि रुपयाने झाली. तिथून पुढची रांग लावायला घेतली की मूल वर्षभर गुंतते.

दहा रुपयांच्या दुधातु नाण्याबद्दल एक सांगतो. ते चलनात आले २००९ मध्ये, पण पहिल्या नाण्यांवर साल २००५ आणि २००६ चे आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर निघालेले चौदाही नमुने चलनात वैध आहेत. तरी काही दुकानदार ते घेत नाहीत. या नकाराने वैतागलेल्या ओळखीच्या दुकानदाराकडे किंवा पेट्रोल पंपावर जा, नोट द्या, ती नाणी उचला. किरणे दहा की पंधरा, रुपयाचे चिन्ह आहे की नाही, हे ताडत बसलात तर चौदा नमुने दर्शनी किमतीत जमतात.

आता नाण्याची अवस्था. किंमत ठरवताना वयापेक्षा तिचेच वजन जास्त असते. बाजारात न फिरलेल्या नाण्याला संग्राहक ‘यूएनसी’ म्हणतात, खाली ‘एक्सएफ’, ‘व्हीएफ’, ‘फाइन’ अशा पायऱ्या येतात. ही अक्षरे पाठ करण्यापेक्षा उंचवटे बघायला शिका, कारण झीज तिथून सुरू होते. सिंहांच्या छातीवरचे केस, गव्हाच्या दाण्यांच्या रेघा, पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती. त्या हत्तीचीही एक गोष्ट आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला आणि गवगवा झाला. १९१२ पासून सोंड लांब केली गेली. म्हणून १९११ चा रुपया ‘डुकरी रुपया’ म्हणून ओळखला जातो आणि इतर वर्षांपेक्षा जास्त मागणीत असतो.

अवस्था आपण स्वतः बिघडवतो ती धुऊन. आपल्या घरांत तांब्याची भांडी चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख करायची सवय, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ठेवायचा रुपया राखेने घासला जातो. पूजेच्या रुपयाचे तुम्ही जाणा. संग्रहातल्या नाण्याला मात्र चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख यातले काहीही लावू नका. चांदीवर चढलेला काळपट, निळसर थर हा मळ नाही. तो घासून काढलेले नाणे जाणकार हातात घेतो आणि लगेच खाली ठेवतो. चिखल असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ कापडावर न घासता टिपा. बस.

ठेवायला दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याच्या खिडक्या मिळतात, त्या सर्वांत चांगल्या. बाजारातल्या मऊ, वासाच्या प्लॅस्टिक पाकिटांत पीव्हीसी असते. दोन उन्हाळ्यांत नाण्यावर हिरवट चिकटा येतो. रबर बँडही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असतो, त्रास होतो तो पावसाळ्यात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दसऱ्याच्या आत बदला.

एवढे झाल्यावर चांदीकडे वळा. बुलढाणा जिल्ह्यासाठी यात एक खास गोडी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. कापूस मुंबईला जाई आणि बदल्यात चांदीचे रुपये येत. १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटाही झाला, तो या कापसासाठीच. त्या काळातला रुपया म्हणजे १८६२ चा राणीछाप. आपल्या भागातल्या जुन्या घरांत हे साल वारंवार निघते, त्याचे कारण वेगळेच आहे. सरकारने साल बदललेच नाही. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही १८६२ हेच साल राहिले, आणि कोणता रुपया केव्हाचा हे ओळखण्यासाठी मुंबई टाकसाळीने मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले, सालाच्या खाली आणि वरच्या फुलाखाली. भिंगातून ते मोजा. संग्राहकांच्या याद्यांत हे ठिपके वर किती, खाली किती अशा जोडीने लिहिलेले असतात. काही जोड्या ढिगाने मिळतात, काही वर्षानुवर्षे दिसत नाहीत. सराफाच्या काट्यावर मात्र सगळ्यांचे वजन एकच.

म्हणून खामगावच्या सराफ्यात ओळख ठेवा. मोडीत आलेले रुपये मुशीत जाण्याआधी बघू देणारा एखादा व्यापारी भेटतोच. चांदीच्या भावावर थोडे वर देऊन निवडलेला रुपया घ्यावा. दहा पटीने गळ्यात मारू पाहणाऱ्याकडून घेऊ नये. गळ्यातल्या दागिन्यासाठी कडी डाखलेला किंवा भोक पाडलेला रुपया संग्राहकाच्या लेखी जवळजवळ चांदीच्याच किमतीचा. लोणार, मेहकरकडच्या तांड्यांत बंजारा स्त्रियांच्या पोशाखावर जुनी नाणी टाकलेली असतात. ती बघा, विचारा, पण तोडून मागू नका. तो दागिना अखंडच मोलाचा आहे.

चांदी ओळखायची साधने थोडीच: शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, लोहचुंबक. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही. पण चिकटले नाही म्हणजे चांदी, असेही नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. वजन आणि चुंबक दोन्ही जुळले तरी अक्षरांच्या कडा बघाव्यात. ओतीव नकलेवर त्या बोथट असतात. १९३९ चा षष्ठ जॉर्जचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या सालात खाडाखोड करून बनवलेले तुकडे फिरतात. पहिली दोन-तीन वर्षे तो कुणी देऊ केला तरी घेऊ नका.

जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला आणखी एक नाणे मिळते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या पलीकडे जालना, म्हणजे निजामाचे राज्य. वऱ्हाडात इंग्रजी ‘कलदार’ रुपया चाले, तर पलीकडे चारमिनार छापाचा ‘हाली सिक्का’. सीमेवरच्या बाजारांत दोन्हींचा बट्टा ठरलेला असे. हाली रुपया कलदारपेक्षा किंचित हलका, सुमारे ११.१८ ग्रॅमचा. एकाच आजीच्या पेटीत दोन्ही निघाले तर वेगळे करून विकू नका. ती जोडीच आपल्या सीमेची साक्ष आहे.

जमिनीतून निघणाऱ्या नाण्यांची गोष्ट सर्वस्वी वेगळी. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहन राजांच्या, पोटीन या मिश्रधातूच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला, आणि कुंभ, कर्ण, शक अशी पुराणांतल्या यादीत नसलेली सातकर्णींची नावे पुढे आली. साठा घरोघरी वाटला गेला असता तर ही नावे गेली असती. नांगराला मडके लागले तर काय करायचे ते १८७८ च्या निखात निधी कायद्यात लिहिले आहे. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारने तो घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देते. लपवल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सिंदखेड राजात लखुजी जाधवांच्या समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये शेषशायी विष्णूची मूर्ती निघाल्यापासून जमिनीखालच्या धनाची चर्चा वाढली आहे. संरक्षित स्मारकाजवळ मेटल डिटेक्टर घेऊन फिरणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यालाही १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. परदेशातल्या भावाला भेट म्हणूनही नाही.

फसवणुकीचे प्रकार ओळखीचे आहेत, तरी माणसे फसतात. ‘खोदकामात सोन्याच्या गिन्न्या सापडल्या, स्वस्तात देतो’ हा पहिला. आधी एक खरी गिन्नी तपासायला देतात, नंतर थैलीभर पितळ. असे गुन्हे आपल्या जिल्ह्यातही दाखल झाले आहेत. दुसरा ‘राईस पुलर’, तांदूळ ओढून घेणारे तांब्याचे नाणे, ज्याला म्हणे परदेशी संशोधन संस्था कोटी देते. तिसरा जत्रेतला: १८१८ सालचे, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि राम दरबार किंवा हनुमान असलेले ‘अर्धा आणा’. असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही, कंपनीची देशभर एकसारखी नाणी निघाली १८३५ पासून. वीस रुपयांत शोभेला घ्या, पण जपून ठेवलेला वारसा म्हणून नको. चौथा मोबाइलवरचा: ‘वैष्णोदेवीचे पाच रुपये असतील तर दहा लाख’. तुम्ही फोटो पाठवता, ते तुमच्याकडूनच शुल्क, कर, कमिशन मागतात, वर रिझर्व्ह बँकेचे चिन्ह दाखवतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरच केले होते की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलेही शुल्क मागत नाही. साधा नियम: विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असतात असा कोणताही खरा नाणेव्यवहार नाही.

खरेदीसाठी मुंबई टाकसाळीची स्मारक नाणी ऑनलाइन मागवता येतात, पण नोंदणी ठरावीक काळच खुली असते. ती घ्या ती आवडीने, गुंतवणूक म्हणून नव्हे. मोठ्या विक्रेत्यांशी समोरासमोर बोलायचे तर पुण्याचे ‘कॉइनेक्स’ प्रदर्शन बरे. मुंबईला गेलात तर फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय बघून या. खोल शिरायचे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नागपूरच्या अजब बंगल्यातली नाणी बघितल्यावर तऱ्हाळ्यासारख्या साठ्यांचा अर्थ जास्त कळतो.

आणि पहिल्या दिवसापासून वही घाला. साल, टाकसाळ, वजन, अवस्था, किती रुपयांना आणि, विशेष म्हणजे, कुठून मिळाले. पुणे-मुंबईच्या संग्राहकाकडे तुमच्यापेक्षा सुंदर नाणी असतील. कोणते नाणे कोणत्या गावच्या पेटीतून आले हे त्याला माहीत नसते, ते फक्त तुम्हाला लिहिता येते. नोंद अशी: ‘एक रुपया, १९८५, सालाखाली एच, झीज मध्यम, मेहकर एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सुट्ट्यांत, एक रुपयाला.’ प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या आणि तोच पुठ्ठ्याच्या खिडकीवर पेन्सिलीने टाका, शाईने नको. शाई पुठ्ठ्यातून झिरपून नाण्यापर्यंत पोचते.